चाक तापतं, स्टिअरिंग थरथरतं: हायवेवर एसयूव्हीच्या ब्रेकचा दोष कसा शोधायचा

सावंगीला समृद्धीवर चढलो तेव्हा गाडी लोण्यासारखी चालली होती. जालना मागे पडलं तरी काही नाही. सिंदखेडराजाच्या पुढे ११०च्या वेगात स्टिअरिंगला हलकीशी थरथर जाणवली. रस्ता काँक्रीटचा, त्याचाच आवाज असेल असं वाटलं. दहा मिनिटांत थरथर हातातून कोपरापर्यंत आली, गाडी डावीकडे ओढू लागली आणि एसीतून जळका वास यायला लागला. मेहकरच्या इंटरचेंजला खाली उतरलो. डाव्या पुढच्या चाकाजवळ हात नेला, तर चार इंचांवरूनच झळ लागली.

मला जास्त त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. दोनच महिन्यांपूर्वी याच तक्रारीसाठी एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) आणि पॅड (त्यांना घासून वेग कमी करणारे ठोकळे) नवे टाकले होते. "साहेब, डिस्क वाकडी झालीय, बदलून टाका." बदलली. चाकांचं बॅलन्सिंग दोनदा करून घेतलं. पंधराशे-दोन हजार किलोमीटर गाडी छान चालली आणि पुन्हा तेच. त्या दिवशी मेहकरला एका वयस्कर मेकॅनिकनं काहीही न बदलता गाडी गरम असतानाच जॅकवर घेतली, चाक हातानं फिरवायचा प्रयत्न केला आणि कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचं) निप्पल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, अर्धा आटा सैल केलं. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि जाम झालेलं चाक मोकळं फिरलं. "दादा, डिस्क बिचारी मार खातेय. मारणारा ही नळी आहे," ते म्हणाले. कॅलिपरला जाणारी रबरी होज आतून सुजली होती. नव्या डिस्कच्या जोडीपुढे तिची किंमत अगदीच किरकोळ निघाली.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. घरच्यांच्या, मित्रांच्या आठ-दहा गाड्यांवर याच पद्धतीनं दोष शोधले. ती पद्धत इथे क्रमानं लिहितो आहे. तिचा गाभा एवढाच: तापणं आणि थरथरणं हे दोन वेगळे आजार समजून वेगवेगळे पार्ट बदलू नका. आधी तापमान बघा, मग थरथर. चाक का तापलं हे कळल्याशिवाय डिस्क बदलली, तर नवी डिस्कही त्याच वाटेनं जाते.

उष्णता येते कुठून

दोन टन वजनाची एसयूव्ही ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, की जवळपास पावणेआठ लाख जूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. साधारण अडीच लिटर पाणी उकळीला आणायला एवढी ऊर्जा लागते. समृद्धीवरच्या १२०च्या वेगातून थांबवली, तर साडेतीन लिटर. वेग वीस टक्क्यांनी वाढला, पण उष्णता चव्वेचाळीस टक्क्यांनी, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. घाटात तर हिशेब आणखी मोठा. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी पाचशे मीटरपेक्षा जास्त खाली येते. पाचशेच धरले, तरी दोन टनांच्या गाडीची ही ऊर्जा तीस लिटर पाणी उकळवू शकेल. ती इंजिनच्या ब्रेकिंगनं अडवायची की डिस्कनं, हे गिअरवरचा हात ठरवतो.

ही सगळी उष्णता डिस्कनं घ्यायची आणि वाऱ्याला द्यायची, अशी रचना आहे. म्हणून घाट उतरल्यावर डिस्क दोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसला असेल तर तो दोष नाही. दोष असतो तो ब्रेक न दाबता चाक तापण्यात, किंवा एकाच बाजूचं चाक तापण्यात. पॅड डिस्कला सतत हलकासा घासत राहिला, तर शंभरच्या वेगात डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही. डिस्क तापते, ती उष्णता पॅड ढकलणाऱ्या पिस्टनमधून ब्रेक ऑइलला जाते, ऑइल प्रसरण पावतं, आणि त्याला परत जायला वाट नसेल तर पॅड आणखी जोरात दाबला जातो. म्हणजे दोष स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. माझ्या गाडीत पहिला तासभर काहीच का जाणवलं नाही आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळं का बिघडलं, त्याचं उत्तर हेच.

पहिली पायरी: चालवतानाच नोंद करा

गॅरेजला जाण्याआधी वीस-तीस किलोमीटर गाडी चालवून पाहा, शेजारी कुणाला तरी वही घेऊन बसवा. मेकॅनिकला नुसतं "गाडी वॉबल मारते" सांगितलं, तर तो बॅलन्सिंगच करणार. त्याला पुढच्या प्रश्नांची उत्तरं द्या.

थरथर ब्रेक दाबल्यावरच येते की न दाबताही? फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल, तर संशय पुढच्या डिस्कवर. ब्रेकला पाय न लावता ८० ते ११० या पट्ट्यातच येऊन त्यापुढे कमी होत असेल, तर बहुतेक वेळा चाकाचं बॅलन्सिंग. वेगाबरोबर वाढतच जात असेल, तर टायर किंवा प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा). ऍक्सिलरेटर दाबला की येते आणि सोडला की जाते, असं असेल तर ब्रेक बाजूला ठेवा आणि ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, इंजिन माउंटिंग यांच्याकडे बघा.

कुठे जाणवते? स्टिअरिंगमध्ये म्हणजे पुढे, सीटखाली आणि फ्लोअरमध्ये म्हणजे मागे, हा ढोबळ नियम बऱ्याचदा बरोबर निघतो. लॅडर फ्रेमच्या (बॉडी वेगळ्या सांगाड्यावर बसवलेल्या) गाड्यांमध्ये मात्र तो फसवतो. फ्रेम आणि बॉडी यांच्यामध्ये रबरी बुश असतात, त्यामुळे मागच्या चाकाची थरथर कधी कधी पुढे डॅशबोर्डवर उमटते.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: गाडी निघाल्यापासून थरथरते की अर्ध्या-पाऊण तासानं? चहाला थांबून निघालात की काही काळ नाहीशी होते का? बॅलन्सिंगचा दोष थंड-गरम ओळखत नाही, तो पहिल्या किलोमीटरपासून असतो. उशिरा येणारी आणि विश्रांतीनंतर जाणारी थरथर म्हणजे कुठेतरी काहीतरी तापतंय. हा एक प्रश्न मला कुणी आधी विचारला असता, तर डिस्कचा खर्च वाचला असता.

गाडी कुठे ओढते तेही बघा. चिकटलेला कॅलिपर गाडीला त्याच बाजूला खेचतो. होज आतून बंद झाली असेल तर एक विशेष खूण मिळते. ब्रेक दाबताना गाडी क्षणभर चांगल्या बाजूला जाते, कारण खराब बाजूला दाब उशिरा पोचतो. पाय उचलल्यावर मात्र ती खराब बाजूला खेचते, कारण तिथला दाब उशिरा सुटतो.

सपाट, मोकळा रस्ता मिळाला तर आणखी एक चाचणी करा. थरथर येत असलेल्या वेगात गिअर न्यूट्रल करा, इंजिन चालू ठेवा. थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच सुटले, दोष चाकांकडे किंवा शाफ्टकडे आहे. इंजिन कधीही बंद करू नका. पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेक बूस्टर (ब्रेकवरच्या पायाचा जोर वाढवणारा भाग) दोन्ही त्याच्याच जिवावर असतात. उतारावर ही चाचणी अजिबात नको.

वासाबद्दल थोडं सांगतो. घाट चढताना येणारा जळका वास बहुतेकदा क्लचचा असतो, उतरताना येणारा ब्रेकचा. दोन्ही वास इतके सारखे असतात की नाकावर विसंबू नका.

दुसरी पायरी: थांबून चारही चाकांचं तापमान

यासाठी लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन घ्या. हजार-बाराशे रुपयांत बरी मिळते आणि गाडीच्या डिकीत जॅकशेजारी तिची जागा असावी असं माझं ठाम मत आहे. सपाट हायवेवर तीस-चाळीस किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरत चालवा. मग पेट्रोल पंपावर किंवा धाब्याच्या आवारात हळू वेगात जाऊन थांबा. शेवटी जोरात ब्रेक मारून थांबलात, तर मोजणीच बिघडेल. एक्सप्रेसवेच्या कडेला, शोल्डरवर थांबून हे काम करू नका. तिथे मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही वाकून काय करताय हे दिसत नाही. खरोखर अडकलात आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल, तर १०३३वर फोन करून गार्डरेलच्या पलीकडे उभे राहा.

गन डिस्कच्या चकचकीत घासणाऱ्या भागावर धरू नका. चमकणारा धातू गनला फसवतो आणि आकडा खऱ्या तापमानापेक्षा बराच कमी येतो. डिस्कच्या मधल्या, गंज चढलेल्या टोपीसारख्या भागावर नेम धरा. मागे ड्रम असतील तर ड्रमच्या बाहेरच्या बाजूवर. चारही चाकांवर तोच बिंदू, तेवढंच अंतर, आणि चारही मापं मिनिटाभरात. एकेक आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक बोलका असतो. पुढची दोन्ही चाकं मागच्यांपेक्षा गरम असणं स्वाभाविक आहे, कारण ब्रेकचा जास्त भार पुढेच येतो. पण त्याच धुरीवर डावं-उजवं यांत तीस-चाळीस अंशांहून जास्त फरक वारंवार दिसत असेल, तर गरम चाक उघडून बघायलाच हवं. माझ्या गाडीत मेहकरला उजवीकडे ७० आणि डावीकडे २१० होतं.

गन नसेल तर उलटा हात चाकाजवळ न्या, टेकवू नका. आधी मागचं, मग पुढचं, अशी सवय ठेवली तर भाजत नाही.

तापलेल्या चाकावर पाणी मारू नका. धाब्यावर गाडी लागली की पाइप घेऊन धावणारी मुलं असतात, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. लाल होण्याच्या वाटेवर असलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं, तर ती तडकू शकते किंवा वेडीवाकडी आकसू शकते. खूप तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेकही ओढून ठेवू नका. चाकांना दगड लावा, गिअरमध्ये ठेवा. आणि पेडलही दाबून धरू नका, कारण पॅड जिथे टेकलेला असतो तिथला डिस्कचा भाग वेगळ्या गतीनं थंड होतो आणि पॅडचा थर तिथे चिकटून बसतो.

फरक सापडला नाही आणि चारही चाकं सारखीच नेहमीपेक्षा जास्त गरम असतील, तर दोष चाकाशी नाही, वर मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाकडे) किंवा बूस्टरकडे आहे. त्यातच प्रवासात पेडल हळूहळू उंच आणि कडक होत गेलं असेल, तर खात्रीच धरा. फक्त मागची दोन तापत असतील, तर आधी हँडब्रेकची केबल बघा.

तिसरी पायरी: जॅकवर, गाडी गरम असताना

निम्मे दोष गाडी थंड झाली की लपतात. म्हणून मेकॅनिकला सांगा की गाडी चालवून आणल्याबरोबर वर घ्यायची. सपाट जागा, बाकीच्या चाकांना दगड, जॅकशिवाय खाली स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. ब्रेकची काळी धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपानं उडवायची नाही, ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्यानं किंवा ब्रेक क्लीनरनं पुसा.

चाक हातानं फिरवा. निरोगी डिस्क ब्रेकमध्ये हलकीशी खसखस ऐकू येते आणि चाक दोनेक फेरे सहज घेतं. ऑल व्हील ड्राइव्ह असेल किंवा गाडी गिअरमध्ये असेल, तर शाफ्टचा अडथळा लागतो, ते लक्षात ठेवा. चाक जड असेल तर चाकाला बाराच्या आणि सहाच्या जागी धरून हलवा. खुळखुळ जाणवली, किंवा फिरवताना घरघर हाताला लागली, तर व्हील बेअरिंगचा संशय घ्या. बेअरिंगही तापतं आणि ब्रेकसारखाच भास देतं. चालत्या गाडीत वळणावर भार एका बाजूला गेला की घूंsss असा आवाज बदलत असेल, तर तो बेअरिंगचाच.

आता मुख्य चाचणी. इंजिन चालू करून कुणाला तरी ब्रेक तीन-चार वेळा जोरात दाबून सोडायला सांगा. चाक जाम राहिलं, तर कॅलिपरच्या निप्पलवर पारदर्शक पाइप लावून तिचं टोक बाटलीत सोडा आणि निप्पल अर्धा आटा उघडा.

ऑइल दाबानं बाहेर आलं आणि चाक सुटलं, तर दाब अडकलेला होता. म्हणजे दोष होजमध्ये किंवा त्याच्याही वर. ऑइल नुसतं थेंबथेंब आलं आणि चाक तसंच जाम राहिलं, तर दाब दोषी नाही. पिस्टन, गाईड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या दांड्या) किंवा पॅड जागेवर अडकलेत.

दाब अडकलेला निघाला, तर निप्पल बंद करा, पुन्हा ब्रेक दाबून चाक जाम करा. या वेळी निप्पल उघडण्याऐवजी, बॉडीजवळ जिथे लोखंडी पाइप रबरी होजला मिळतो तिथला नट सैल करा. इथे चाक सुटलं तर होज ठीक आहे, दोष वर मास्टर सिलिंडरमध्ये किंवा एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये. इथे सुटलं नाही, पण निप्पलला सुटतं, तर होज. वरून धडधाकट दिसणारी होज आतून सोलवटते, आणि सुटलेलं रबर झडपेसारखं वागतं. पायाच्या जोरावर ऑइल आत ढकललं जातं, पण परत यायला जोर नसतो. माझ्या होजचं असं का झालं असावं, याचा मला पक्का अंदाज आहे. डिस्क बदलताना कॅलिपर तारेनं न बांधता होजवरच लोंबकळत सोडला होता. काम चालू असताना समोर उभं राहून हे एवढं बघा. कॅलिपर स्प्रिंगला तारेनं टांगलाच पाहिजे.

मास्टर सिलिंडरवर संशय असेल, तर तो बूस्टरला जोडणारे नट दोन-तीन मिलिमीटर सैल करून बघतात. तेवढ्यानं चाकं सुटली, तर पेडलच्या दांड्याला मोकळीक उरलेली नाही, ऑइल परत जायचं भोक पूर्ण उघडत नाही. ब्रेकलाइटचा स्विच पुढे सरकून पेडल परत येऊ न देणं, हेसुद्धा कारण असतं आणि ते पाच मिनिटांत सुटतं. कधी एखाद्यानं ब्रेक ऑइलच्या डब्यात इंजिन किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलेलं असतं. मग सगळी रबरं सुजतात आणि चारही चाकं धरतात. अशा वेळी नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सगळे सील बदलावे लागतात.

दोष यांत्रिक निघाला तर आधी गाईड पिन बघा. कोकणात आणि किनारपट्टीवर हाच पहिला संशयित. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, आणि पिनच्या रबराला एखादी चीर. आत पाणी शिरतं आणि पिन गंजून बसते. मग कॅलिपर सरकत नाही, आतला पॅड झिजतो आणि बाहेरचा नवाच राहतो. दोन पॅडच्या जाडीतला हा फरक म्हणजे पिन अडकल्याचा पुरावा. दोन्ही पॅड सारखे पण जास्त झिजलेले असतील, तर पिस्टन परत येत नाही. पिन साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकोन ग्रीसच लावा. गॅरेजच्या डब्यातलं साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं आणि तीन महिन्यांत पिन पुन्हा बसते. वरची-खालची पिन एकसारखी नसेल तर अदलाबदल करू नका.

पिस्टन सी-क्लॅम्पनं आत ढकलताना निप्पल उघडं ठेवा. तो हळू पण सलग आत जायला हवा. अडत अडत जात असेल, पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील, तर नुसतं सील किट टाकून वेळ घालवू नका.

ब्रेक ऑइलकडे आपण फार दुर्लक्ष करतो. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ला हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. घाटात कॅलिपरमधलं ऑइल उकळलं तर वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट फ्लोअरला टेकतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं पुस्तिकेत लिहिलेलं असतं ते याचसाठी.

चौथी पायरी: तापमान ठीक, तरी थरथर

चारही चाकं सारख्या तापमानाची निघाली, तर आता शांतपणे थरथरीकडे वळा.

एक छोटा हिशेब उपयोगी पडतो. २३५/६५ आर १७ टायरचा घेर सुमारे २.३ मीटर. शंभरच्या वेगात चाक सेकंदाला बारा वेळा फिरतं. मोबाइलवर थरथरीची वारंवारता दाखवणारी मोफत ॲप मिळतात. फोन सीटच्या रेलवर किंवा कन्सोलवर घट्ट ठेवून बघा. १२ हर्ट्झच्या आसपास शिखर दिसलं तर चाक, टायर किंवा डिस्क. ४० ते ५०च्या घरात दिसलं तर प्रोपेलर शाफ्ट, कारण तो चाकापेक्षा साधारण साडेतीन-चार पट वेगानं फिरतो. वेग तोच ठेवून गिअर बदलल्यावर शिखर सरकलं, तर इंजिन.

रिमच्या कडेला तीस ग्रॅमची असमानता असेल, तर शंभरच्या वेगात ती चाकाला साडेतीन किलोहून जास्त जोरानं हिसका देते, तोही सेकंदाला बारा वेळा. पन्नासच्या वेगात हाच जोर चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून गावात काही कळत नाही. तीस ग्रॅम व्हायला शिसंच पडायला हवं असं नाही. विदर्भ-मराठवाड्यात पावसाळ्यात शेताच्या रस्त्यानं जाऊन आलात आणि दुसऱ्या दिवशी हायवेला गाडी थरथरली, तर आधी रिमच्या आतली बाजू धुवा. वाळलेली काळी माती सिमेंटसारखी चिकटून बसते. बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी हे एवढं करा.

मग टायर. चाक वर घेऊन फिरवा आणि समोर एक काठी स्थिर धरून टायरचा पृष्ठभाग वर-खाली किंवा डावीकडे-उजवीकडे नाचतो का ते पाहा. एखाद्या जागी फुगवटा असेल, किंवा कमी वेगातही गाडी बदकासारखी डुलत असेल, तर आतला पट्टा सुटलेला आहे. तो टायर त्याच दिवशी काढा. उन्हाळ्यात समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर १२०च्या वेगात असा टायर चालवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. हवा नेहमी थंड टायरमध्ये, दारावरच्या पट्टीवर लिहिली असेल तेवढीच.

बाजारातले नवे अलॉय टाकले असतील, तर त्यांचं मधलं भोक हबवर घट्ट बसतं का बघा. सैल असेल तर चाक नटांवर तोलून राहतं, मध्यावर नाही, आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी थरथर जात नाही.

अलाइनमेंटबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. अलाइनमेंट बिघडल्यानं गाडी ओढते आणि टायर तिरका झिजतो, पण शंभरच्या वेगातली थरथर सहसा त्यातून येत नाही. स्टिअरिंग-सस्पेन्शनचे सांधे, म्हणजे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश झिजले असतील तर मात्र छोटी थरथर मोठी होऊन हाताला लागते. ते थरथर निर्माण करत नाहीत, वाढवतात. म्हणून बुश बदलून थोडं बरं वाटतं आणि मूळ दोष राहून जातो.

थरथर ब्रेकचीच आहे, पण पुढची की मागची हे कळत नसेल आणि गाडीला ओढायचा हँडब्रेक असेल, तर कोरड्या, रिकाम्या, सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगात बटण दाबून धरून लिव्हर अगदी अलगद ओढा. तेव्हा धपधप जाणवली तर मागचा ड्रम अंडाकृती झाला आहे. ओल्या रस्त्यावर किंवा वळणावर हे करू नका. बटणाच्या इलेक्ट्रॉनिक ब्रेकवर तर नाहीच.

पाचवी पायरी: डिस्क मोजा, अंदाज नको

"डिस्क वाकडी" हे गॅरेजचं आवडतं निदान, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. तिची जाडी जागोजागी वेगळी झालेली असते, किंवा पॅडचा थर तिच्यावर डागासारखा चिकटलेला असतो. मायक्रोमीटरनं कडेपासून एक सेंटिमीटर आत, सारख्या अंतरावर आठ ठिकाणी जाडी मोजा. सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक जागेत ०.०१५-०.०२ मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवतो. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. त्याच्या जवळ आली असेल तर लेथवर घासायची नाही, बदलायचीच.

मग डायल गेज (बारीक हालचाल काट्यानं दाखवणारं मापक) लावून डिस्क किती डोलते ते पाहा. त्याआधी डिस्कचे सगळे नट बसवून घट्ट केलेले हवेत. बऱ्याच गाड्यांची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमकी तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. आकडा जास्त आला तर खडूनं खूण करून डिस्क हबवर एक बोल्ट पुढे फिरवून पुन्हा मोजा. सगळ्यात उंच जागा डिस्कबरोबर फिरली, तर डिस्क सदोष. हबपाशीच राहिली, तर हब किंवा बेअरिंग. कित्येकदा नुसतं एवढं फिरवूनच आकडा मर्यादेत येतो.

हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाचा एखादा खवला राहिला, तर नवी डिस्कही डोलते. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरनं हब चकचकीत होईपर्यंत घासा. हे काम वीस मिनिटांचं आहे आणि घाईत नेमकं हेच राहतं. सुरुवातीला फक्त डोलणारी डिस्क प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी टेकते. हजार-दोन हजार किलोमीटरनंतर तिथे जाडीचा फरक पडतो आणि थरथर परत येते. "नवी डिस्क टाकली, थोडे दिवस बरी चालली" या गोष्टीचं मूळ बहुधा इथे किंवा माझ्यासारखं होजमध्ये असतं.

चाकाचे नट समोरासमोर, चांदणीच्या क्रमानं, दोन-तीन टप्प्यांत आवळा, आणि शेवट टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरात आवळणाऱ्या पान्यानं), पुस्तिकेतल्या आकड्यावर. हवेच्या गननं एका बाजूनं धडाधड आवळलेले नट डिस्कची टोपी किंचित वाकवतात. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. डिस्क आणि पॅड नेहमी धुरीवर जोडीनं बदला.

नवे पॅड बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत, मध्यम जोरात, आठ-दहा वेळा वेग कमी करा. प्रत्येक वेळी पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थंड व्हायला अर्धा-एक मिनिट द्यायचं. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून डिस्क गार होऊ द्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाटात जोरात ब्रेक टाळता आले तर उत्तम. आणि घाट उतरताना, ज्या गिअरमध्ये तो चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड किंवा खालचा गिअर याचसाठी दिलेला असतो. ब्रेक सतत अलगद दाबून ठेवण्यापेक्षा थोडा जोरात दाबून वेग उतरवा आणि पाय पूर्ण उचला.

काम झाल्यावर पहिल्यासारखाच रस्ता, तोच वेग, तेवढंच अंतर धरून पुन्हा चारही चाकं मोजा आणि आकडे वहीत लिहा. मी मेहकरनंतर होज दोन्ही बाजूंच्या बदलल्या, ऑइल नवं भरलं, हब घासून डिस्क एका बोल्टनं फिरवून बसवली. डिस्क तीच ठेवली, कारण जाडीतला फरक लेथवर हलका हात मारून निघाला. पंधरा दिवसांनी परतीच्या प्रवासात त्याच इंटरचेंजला थांबलो. डावीकडे ६४, उजवीकडे ६१.